वाटेत बदललेलं गाऱ्हाणं

आमच्या आईला शिव्या फार सुंदर यायच्या. पुढे मी शाळेत बाई झाले आणि एखादा वावगा शब्द तोंडातून गेला म्हणून पोरांच्या हातांवर छड्या ओढल्या, तरी हे मी कौतुकानेच लिहिते आहे. आई मासे विकायची आणि तिची जीभ हाच तिचा निम्मा धंदा होता. सकाळी होड्या लागल्या की पाटी भरून घ्यायची, तरीतून, म्हणजे उतारूंच्या होडीतून, खाडी ओलांडायची आणि दोन-अडीच तास चालून मसुरं गाठायचं. वाडीच्या तोंडाशी पोचली की ती जी आरोळी द्यायची ती तिसऱ्या वाडीत ऐकू जायची. मसुऱ्याच्या बायका बांगड्याचं कल्लं उचलून नाक मुरडायला लागल्या की आई त्यांच्या नाकाचा, नवऱ्याचा आणि गेल्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. त्या हसायच्या आणि घ्यायच्या. एखादी म्हणायचीसुद्धा, "आज कायच नाय बोललंस गो माका? रागावलंस?"

आमच्याकडे प्रत्येक विकणारणीची घरं ठरलेली असतात. त्यांना लागलेली घरं म्हणतात. आईची मसुऱ्यात चाळीसेक घरं होती, बरीचशी तिच्या सासूकडून आलेली. त्या घरांत दुसरीने पाटी उतरवायची नाही, हा अलिखित कायदा. पण तो कायदा तुम्ही रोज जाता आहात तोवरच. आठ दिवस दिसला नाहीत की कुणीतरी त्या अंगणात पाटी उतरवते आणि मग ते घर गेलं म्हणून समजा. माझे वडील पूर्वी होडीवर जायचे, पण दम्याने त्यांना घरी बसवलं होतं. ते जाळी दुरुस्त करायचे आणि धापा टाकायचे. आमच्या घरात भात शिजायचा तो त्या चाळीस घरांवर, म्हणजे आईच्या पायांवर आणि जिभेवर. माझी जन्मापासूनची अठरा वर्षं आणि त्याआधीची दोन, एवढी वर्षं ती रोज जात होती. ताप आला तरी जायची. माझ्या पाठची बहीण पोटात असताना ती तरीत चढताना पडली, त्या दिवशीही गेली. ती बहीण जगली नाही. त्यानंतर आई पाचव्या दिवशी पुन्हा पाटी घेऊन निघाली.

मग एका वर्षी, दिवाळीनंतर, आई गप्प झाली.

एकदम नाही. आधी आरोळी लहान झाली. मग आरोळी बंद झाली आणि ती नुसती अंगणात जाऊन उभी राहायला लागली. कुणी नाक मुरडलं तर काही बोलायची नाही, पाटी उचलून चालू पडायची. घरीही तेच. माझ्या हातून पेज करपली तर पूर्वी तिने शेजारच्या चार घरांना माझी लक्षणं ऐकवली असती. आता ती करपलेली पेज जेवली आणि उठली.

आम्हाला काय वाटलं? आम्हाला बरं वाटलं. हे लिहिताना स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते, पण खरं आहे ते हेच. शेजारणी म्हणाल्या, "तुझी आवस सुदारली गो." थोरले काका म्हणाले, उशिरा का होईना बाईला अक्कल आली. मी तर मनातून सुखावले होते, कारण मी तेव्हा फायनलची तयारी करत होते आणि घरात शांतता असली की अभ्यास चांगला व्हायचा. इतकी वर्षं आईच्या तोंडाची मला लाज वाटत आली होती. वर्गातल्या वाण्या-बामणांच्या मुली तिची नक्कल करायच्या. आता आई त्यांच्या आयांसारखी सभ्य झाली असं मला वाटलं. माणूस आतून विझत चाललं होतं आणि घरादाराने त्याला सुधारणा म्हटलं.

फायनल म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, सातवीची सरकारी परीक्षा. ती पास झालं की रत्नागिरीला शिक्षिकांच्या ट्रेनिंगला जाता यायचं आणि मग नोकरी. आमच्या वाडीत त्याआधी एकही मुलगी तिथपर्यंत पोचली नव्हती. मी अठरा वर्षांची घोडी होऊन सातवीत बसले होते, कारण मधली तीन वर्षं घरच्या अडचणींत गेली होती. काकांनी देवगडकडचं एक स्थळ पाहून ठेवलं होतं. ठरलं होतं असं, की परीक्षा पास झाले तर ट्रेनिंग, नाही झाले किंवा बसलेच नाही तर त्या स्थळाला होकार. मुलगा मी लांबून पाहिला होता. तो किनाऱ्यावर रापणीच्या मोठ्या जाळ्याचे दोर ओढताना ओरडत होता आणि माझ्या आयुष्यात ओरडणारं एक माणूस पुरेसं होतं. परीक्षा चैत्राच्या तोंडावर होती.

माघात मसुऱ्याला भराडीदेवीची जत्रा. जत्रेला मुंबईचे चाकरमानी येतात आणि जत्रा उरकली की चार-आठ दिवस राहतात. ते म्हणजे वर्षभर मुंबईत शिळे मासे खाल्लेली माणसं, त्यांना रोज दोन्ही वेळा ताजं लागतं. त्या दिवसांत आई एका दिवसात दोन खेपा करायची. त्या वर्षीही केल्या. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी ती घरी आली, पाटी दारापुढच्या खळ्यात ठेवली आणि पायऱ्यांवर बसली. मी समोर व्याकरण घेऊन बसले होते. ती म्हणाली,

"गो, माका वाज इलो."

आता या शब्दाची अडचण सांगते. मालवणीत वाज येणं म्हणजे कंटाळा येणं, जीव विटणं. पण आम्ही हा शब्द इतका उधळतो की त्याचं वजन उरलेलं नाही. पाऊस थांबत नाही, वाज इलो. डास चावतायत, वाज इलो. तोच पाहुणा परत आला, वाज इलो. दिवसातून वीसदा जो शब्द आपण डासांसाठी वापरतो तोच शब्द आईकडे होता, दुसरा नव्हता. वीस वर्षांचं ओझं तिने त्या दोन अक्षरांत घालून माझ्यासमोर ठेवलं, आणि मी वहीतून मान वर न करता म्हणाले, "आये, वाज नाही म्हणायचं. कंटाळा म्हण."

तिने बरं म्हटलं. "कंटाळो इलो," म्हणाली, आणि दुसऱ्या खेपेला गेली.

दोन दिवसांनी ते घडलं. सकाळची वेळ, खाडीतली तर भरलेली, त्यात आईसारख्याच सहा-सातजणी पाट्या घेऊन बसलेल्या. खाडीच्या मध्यावर आई उठली, भरलेली पाटी काठावर टेकवली आणि बांगडे पाण्यात ओतले. चिडून नाही, फेकून नाही. तांदूळ धुतल्यावर पाणी ओततो तसे. मग पाटी दोनदा विसळली, आत चुंबळ ठेवली आणि जाग्यावर बसली. पलीकडच्या काठाला सगळ्या उतरल्या, आई उतरली नाही. तरीवाल्याने विचारलं, ती रिकामी पाटी धरून बसून राहिली. तो तिला घेऊन परत या काठाला आला, तिथेही ती उतरली नाही. असे त्याने तिला चार फेरे आणले-नेले. शेवटी दुपारच्या सुमारास त्याने निरोप धाडला की तुमच्या बाईला घेऊन जा, माझ्या उतारूंना बसायला जागा नाही.

मी जाऊन तिला आणली. ती हात धरून मुकाट चालत आली, घरात शिरली, आणि निजली. आणि तरीतून पुढे गेलेल्या त्या सहा-सातजणींपैकी दोघींनी त्याच दिवशी मसुऱ्यात आईच्या घरांपैकी दहा-बारा घरं वाटून घेतली. संध्याकाळी त्याच दोघी आईची विचारपूस करायला आल्या. एकीने तर डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं.

थोरले काका आले आणि त्यांनी निदान केलं. बाधा. जत्रेच्या गर्दीत काहीतरी पाठी लागलं असणार, देवाला कौल लावायला हवा. आमच्याकडे कुठलीही गोष्ट अडली की देवाला विचारतात. गुरव देवाच्या पाषाणाला भिजवलेल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, प्रश्न विचारतो. उजवीकडची कळी पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. देव होय किंवा नाही एवढंच बोलतो, त्यामुळे सगळी मेख प्रश्न काय विचारायचा यात असते. ही गोष्ट काकांना कळत नव्हती. वडिलांना कळत होती.

काका गेल्यावर वडिलांनी मला जवळ बोलावलं. त्यांना दोन वाक्यांत एकदा थांबून श्वास घ्यावा लागे. ते म्हणाले, "गुरवाकडे जा. त्येका सांग, बाधा-बिधा काय इचारू नको. इतक्याच इचार, हिका म्हयनोभर घराक बसवची काय. बस." मग थांबले. "देव व्हय म्हणालो तर कोण कायएक बोलाचो नाय."

आमच्या वाडीत हे कुणालाही समजावून सांगावं लागलं नसतं, इथे सांगते. बाई स्वतःहून बसली तर ती आळशी. नवऱ्याने बसवली तर तो बायकोच्या मुठीतला. पण देवाने बसवली, तर ती बसलेली. देवाने बसवलेल्या बाईची घरं कुणी घेत नाही, घेतलेली परत द्यावी लागतात. दोन पावलं चालल्यावर ज्यांना धाप लागायची त्या माझ्या बापाने बायकोसाठी एक महिन्याची झोप मिळवायची एकमेव वाट शोधून काढली होती. कौल डावा पडला असता तर गोष्ट वेगळी, पण गुरवाशी त्यांचं लहानपणापासूनचं होतं, आणि कळ्या ओल्या किती ठेवायच्या हे गुरवाच्या हातात असतं असं सगळेच दबक्या आवाजात म्हणत.

आई महिनाभर बसली तर पाटी कुणाच्या डोक्यावर येणार, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. घरात दोन धड पायांची आता मी एकटीच होते. महिनाभर मसुरं, म्हणजे परीक्षा गेली. परीक्षा गेली म्हणजे देवगड.

गुरवाचं घर देवळाच्या मागे होतं, आमच्यापासून पाऊण मैलावर. त्या पाऊण मैलात मी काय केलं ते मला जसंच्या तसं आठवतं. मी रडले नाही, माझी घालमेल झाली नाही, देवाची भीती वाटली नाही. मी वाक्यरचना करत गेले. परीक्षेत एक प्रश्न हमखास असायचा, 'अर्थ न बदलता वाक्य बदला.' त्यात माझा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. मी वडिलांचं वाक्य घेतलं, फिरवलं, त्यातला महिना काढला, घर काढलं, बसवणं काढलं. गुरव अंगणात बसून झावळं विणत होता. त्याने विचारलं, "काय गो, बापाशीन काय सांगल्यान? काय इचारूचा?"

मी म्हणाले, "बाधा आसा काय ती इचारूची. आणि आसली तर काढून तिका परत कामाक लावची."

"आणि कायएक नाय?"

"नाय."

तो म्हणाला, "बरां." आणि पुढची पात विणायला लागला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी देवळात आम्ही सगळे उभे होतो. आई पुढे, तिच्या शेजारी काका, मागे खांबाला टेकून वडील, त्यांच्या बाजूला मी. वाडीतली पंधरा-वीस माणसं. गुरवाने कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"ह्या तुझ्या लेकराक काय भायरची बाधा झाली आसात, कोणाची दीठ लागली आसात, तर ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तिका परत आपल्या कामाधंद्याक लाव रे म्हाराजा!"

गाऱ्हाणं चालू असताना कुणी मध्ये बोलत नाही. शिंक आली तरी दाबतात. गुरव जे म्हणेल त्याला हुंकार भरायचा, एवढंच माणसाच्या हातात असतं. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मी आज ते विसरले असते. त्यांनी एखाद्या अनोळखी मुलीकडे पाहावं तसं पाहिलं, ही कुणाची, असं. आणि मग सगळ्यांबरोबर, श्वास पुरत नव्हता तरी, ते म्हणाले, "व्हय म्हाराजा." आईसुद्धा म्हणाली. तिचा आवाज मला बऱ्याच दिवसांनी इतका स्पष्ट ऐकू आला.

उजवी कळी पडली. लोकांनी हात जोडले. काकांनी मान अशी हलवली, जणू देवाने त्यांच्याच सल्ल्याने निकाल दिला. सीमेवर कोंबडा दिला, नारळ फुटला, आईच्या कपाळाला अंगारा लागला. तिला कधीच नसलेली बाधा त्या दिवशी रीतसर निघून गेली. ज्या दोघींनी घरं घेतली होती त्यांना काकांनी दम दिला, देवाने तिला कामाला लावलंय, घरं सोडा. त्यांनी सोडली. म्हणजे देवाचा शब्द किती चालतो हे मला डोळ्यांनी पाहायला मिळालं. महिनाही तसाच चालला असता.

तिसऱ्या दिवशी आई पाटी घेऊन मसुऱ्याला गेली. मी परीक्षेला बसले आणि केंद्रात दुसरी आले.

आईची आरोळी परत आली नाही. ती मुकाट जायची, मुकाट विकायची. गिऱ्हाइकं कमी झाली, कारण मुकाट बाईशी घासाघीस करण्यात मजा नसते, मग ती आणखी लांबच्या वाड्यांना जायला लागली. मी रत्नागिरीला असताना वडील गेले. ते माझ्याशी शेवटपर्यंत नीट बोलत, काय हवं नको विचारत. त्या प्रश्नाबद्दल मात्र एक अक्षर बोलले नाहीत, आणि मी विचारलं नाही. मला तेव्हा वाटायचं, ते विसरले. माणूस आपल्याला सोयीचं तेच दुसऱ्याला वाटत असणार असं धरून चालतं.

नोकरी मला फोंडाघाटाच्या खालच्या एका वाडीवर लागली. एकशिक्षकी शाळा, एक खोली, चार इयत्ता, साठ-सत्तर मुलं. पहिलीला अक्षरं गिरवायला लावून तिसरीचं गणित घ्यायचं, तेवढ्यात चौथी मारामारी करणार. शाळा सुटली की मतदारयाद्या, जनगणना, दुधाच्या पावडरीचं वाटप, आणि दिपोटीसाहेब तपासणीला येणार असतील तर त्यांच्या कोंबडीची सोय. मी कडक बाई म्हणून नाव काढलं. सहा वर्षं मी त्या खोलीत ओरडत होते. खरं सांगायचं तर आईची सगळी जीभ माझ्याकडे आली होती, फक्त शिव्यांच्या जागी मी शुद्ध मराठी वापरत होते. त्यातली काही वाक्यं आईच्या शिव्यांपेक्षा वाईट होती. एका मुलीला मी म्हणाले होते की तू जन्माला आलीस तिथेच तुझ्या बापाचा हिशेब चुकला. ती आठ वर्षांची होती.

सातव्या वर्षी मी ओरडणं सोडून दिलं. ठरवून नाही. तोंड उघडायचंच जिवावर यायला लागलं. पोरं दंगा करायची, मी बघत बसायचे. आणि एक दिवस एका मुलाची आई दाराशी येऊन म्हणाली, "बाई, तुम्ही आता किती शांत झालात! पोरं तुमचं नाव काढतात."

हे वाक्य मी ओळखत होते. अशाच कौतुकाने आमच्या घराने एक बाई संपवली होती. त्या माउलीला कळेना, बाईंचा चेहरा असा का झाला.

पण ओळखलं म्हणून काय झालं? ओळखून मी काही केलं नाही, शाळेत जात राहिले. पुढच्याच आठवड्यात मी सकाळी तिसरी-चौथीला एकोणतीसचा पाढा म्हणायला लावला आणि खुर्चीत बसले. त्यांनी म्हटला. मी थांबा म्हणाले नाही, म्हणून त्यांनी परत म्हटला. मी बाहेरच्या वाटेकडे पाहत होते. किती वेळा म्हटला माहीत नाही. माझ्या धाकाने कुणी थांबेना. भानावर आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं, जेवणाची सुट्टी टळून गेली होती, निम्म्या मुलांचे आवाज बसले होते आणि पुढच्या रांगेतली एक मुलगी रडत रडत म्हणत होती, एकोणतीस सक चौसष्टाशे. चुकीचं म्हणत होती. मी ते दुरुस्तसुद्धा केलं नाही.

मी रजेचा अर्ज लिहायला घेतला. 'कारण' या शब्दापुढे पेन थांबलं. वाज आला, असं सरकारी कागदावर लिहिता येत नाही. कंटाळा लिहिलं तर नोकरी जाईल. मी ताप लिहिलं. पुढे मला कळलं की तालुक्यातले निम्मे मास्तर वर्षातून एकदा ताप लिहितात आणि निम्म्यांना तो तसलाच असतो. दहा दिवसांची रजा मिळाली.

तळेऱ्याला गाडी बदलून मी घरी गेले. आई आता एकटी राहत होती. केस पिकले होते, मान पाटीने खांद्यात गेली होती. तिने मला एकदा बघितलं आणि काही विचारलं नाही. चटई घातली आणि म्हणाली, "निज."

मी निजले. ती पाटी घेऊन जायची, दुपारी परत यायची, माझ्यासाठी माशांचं तिखलं करायची, मला उठवून जेवायला घालायची, मी परत निजायचे. वाडीतलं कुणी चौकशीला आलं की ती दारातच उभी राहायची. "चेडू निजलासा," म्हणायची, पोर झोपली आहे, आणि आत कुणाला सोडायची नाही. तिच्यासाठी असं दारात कुणी उभं राहिलं नव्हतं. चौथ्या दिवशी मला थोडं माणसात आल्यासारखं वाटलं. ती मासे साफ करत होती. मी तिच्या पाठीशी बसून सगळं सांगितलं. वडिलांनी काय निरोप दिला होता, मी गुरवाला काय सांगितलं.

तिचे हात थांबले नाहीत. "माका ठावक आसा," ती म्हणाली. "तुझ्या बापाशीन त्याच दिसा सांगल्यान माका."

"मगे गेलंस कित्याक गो?"

तिने खवले पाण्यात झटकले. "म्हटलंय, दोघींतल्या एकटीचो तरी वाज चुकात."

मी तिच्या पाठीला डोकं टेकून रडले. तिने रडू दिलं. मला वाटलं, फिटलं. कबुली दिली, रडून झालं, आता आम्ही दोघी सारख्या झालो.

सहाव्या दिवशी सकाळी होड्या लागल्या तरी आई उठली नाही. मी जवळ गेले. ती जागी होती, छपराकडे बघत पडली होती. म्हणाली, "गो, तुका अजून रजा आसा मां?"

"आसा."

"मगे चार दिस पाटी तू घे. माका जरा निजाचा आसा."

इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. घरं तिची होती, मी तिची मुलगी, मी गेले असते तर कुणी हरकत घेतली नसती. मासे किनाऱ्यावर आले होते. मी दाराशी ठेवलेल्या पाटीकडे पाहिलं. आणि मला खाडीतली तर दिसली, तरीतले उतारू दिसले, मसुऱ्याच्या शाळेतली बाई दिसली, माझ्याबरोबर ट्रेनिंगला होती ती. तिच्या अंगणात मी नऊवारीचा काष्टा मारून पाटी उतरवते आहे, ती विचारते आहे, अगं बाई, तू? मला लाज वाटली. दुसरं काही नाही. ताकद होती, वेळ होता, चार दिवसांचीच गोष्ट होती. लाज वाटली.

मी म्हणाले, "आये, चार नाय गो. माझी मोजूक चूक झाली. रजा आजच संपली."

ती माझ्याकडे बघत राहिली. "संपली?"

"होय. दुपारच्या गाडयेन जावक व्हया."

"मगे जा," ती म्हणाली. हाताचा रेटा देऊन उठली, केस बांधले, चुंबळ घेतली आणि किनाऱ्याकडे गेली. मी माझी पिशवी भरली आणि ती परत यायच्या आत निघाले.

रजेचे चार दिवस उरले होते. ते मी फोंड्याच्या खोलीवर, दाराला आतून कडी लावून, निजून काढले.